लक्ष्मीचं बोट

माझ्या सासरच्या पुरुषांच्या पापणीवर लक्ष्मी बोट टेकवून जाते, हे सासूबाईंनी मला बघायला आल्या त्याच दिवशी सांगितलं होतं. वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, हळदीचं बोट पुसल्यासारखा पिवळा ठिपका. किंचित उचललेला, हात लावला तर मऊ. सासऱ्यांना होता म्हणे. ते तेव्हाच फोटोत जाऊन बसले होते. थोरल्या दिरांना दोन्ही डोळ्यांवर होता. आमच्या ह्यांना एकाच, तोही मुगाच्या डाळीएवढा.

"याचा अजून वाढेल," सासूबाई म्हणाल्या. कैरी पाडाला लागायची असते, तसं.

मी मान खाली घालून लाजले. वीस वर्षांची होते, बी.ए.ला इतिहास होता आणि डोक्यात चुरमुरे. मंडळी गेल्यावर आईला म्हटलं, "थोरल्याला दोन आहेत गं. माझ्या वाटणीला एकच आला."

दुसरी खूण टाचेची. या घरातल्या पुरुषांच्या टाचेमागची शीर अंगठ्याएवढी जाड आणि गाठीगाठीची असायची. मागे पट्टा असलेली चप्पल बसत नसे. सासूबाई त्याला बैलाची टाच म्हणायच्या. कष्टाळू घराण्याची खूण. लग्नात मी पाया पडताना ह्यांच्या टाचेकडे बघून भरून पावले होते. आज ते लग्नाचे फोटो बघते तेव्हा त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

कारण ती लक्ष्मीही नव्हती आणि बैलही नव्हता. ती चरबी होती. रक्तात मावेना, म्हणून जागा मिळेल तिथे बसत होती. पापणीवर बसली ती दिसली, म्हणून तिचं कौतुक झालं. हृदयाच्या नळ्यांत बसली ती कुणाला दिसली नाही.

सासरे चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. पिठाच्या गिरणीत दळणाला नंबर लावून बाकावर बसले आणि नंबर आला तेव्हा उठले नाहीत. सासूबाईंची सासू तेव्हा जिवंत होती. तिने गिरणीतून डबा घरी यायच्या आत सुनेला पांढऱ्या पायाची ठरवून टाकली. हे मला सासूबाईंनीच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, अगदी सहज. मला वाटलं, बिचारी. पुढे कळलं की ती माझ्यासाठी सूचना होती.

थोरले दीर नव्वदीच्या सुरुवातीला गेले. तेही चव्वेचाळिसाव्याच वर्षी, अंघोळीला गेलेले. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत राहिला. थोरल्या जाऊबाईंनी दार ठोठावलं, हाक मारली, पुन्हा ठोठावलं. शेवटी आमच्या ह्यांनी दार तोडलं तेव्हा नळ वाहत होता आणि दीर बादलीला टेकून बसले होते. साबणही लावलेला नव्हता.

दीर अंगाने तारेसारखे. जाऊबाई मात्र सिन्नरकडच्या गावच्या, घरी म्हशी, अंगाने भरपूर. दर पंधरवड्याला जीपने माहेरून कढवलेल्या तुपाची बरणी यायची. हे एवढं पुरेसं होतं. दहावाही झाला नव्हता तेव्हा सासूबाई आल्यागेल्यांना सांगायला लागल्या, "थोरलीने तुपात तळून मारला माझ्या पोराला. स्वतः बघा कशी झालीय, आणि तो वाळत गेला."

म्हणजे तूप खाल्लं एकीने आणि मेला दुसरा, असा हिशोब. मी त्यावर मान डोलावली. डोलावली कसली, भर घातली. "अहो, वरणावर चमचा नाही, पळी ओतायच्या," असं मीच शेजारणीला सांगितलं. मला माझ्या कमरेचा भारी गर्व होता. मी सकाळी योगासनांच्या वर्गाला जायची, मासिकातलं आरोग्याचं पान कापून ठेवायची आणि जाड बाई दिसली की तिच्याकडे दयेने बघायची. यमाकडे वजनकाटा असतो आणि तो जाड माणसं आधी उचलतो, अशी माझी खात्री होती. समोर दोन काटकुळ्या पुरुषांचे फोटो टांगलेले होते, तरी.

जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. वर्ष व्हायच्या आत त्या माहेरी परत गेल्या. म्हणजे कुणी हाकललं नाही हं. फक्त त्यांनी वाढलेल्या ताटावर सासूबाई बसेनात.

मग राहिले आमचे हे.

हे तेव्हा छत्तीस वर्षांचे. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. आम्ही पंचवटीत राहायचो. सकाळी निमाणीवरून कारखान्याची बस. कुणी तोंडाने काही बोलत नव्हतं, पण सासूबाई जेवताना ह्यांच्याकडे ज्या नजरेने बघायच्या ती नजर मला कळत होती. हे पंचेचाळिशी बघणार की नाही, एवढाच एक प्रश्न आमच्या घरात होता. पाहुण्यांशी हवापाण्याच्या गप्पा चालायच्या तेव्हाही तोच.

मी ह्यांना वाचवायचं ठरवलं. मी ठरवलं म्हणजे ह्यांचे हाल ठरले.

घरातलं तूप बंद. लोणी बंद. शेंगदाण्याचं तेल बंद, करडईचं सुरू, तेही चमच्याने. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस. त्यांनी पेला तोंडाला लावला की मी समोर उभी राहायची, तळ दिसेपर्यंत. डब्यात उकडलेली भाजी. कारखान्यात बाकीचे डबे उघडले की खमंग वास सुटायचा आणि ह्यांचा डबा उघडला की लोक विचारायचे, "घरी कुणी आजारी आहे का?" ह्यांच्या पँटी ढगळ झाल्या, गालफडं बसली. मी मनात म्हणायची, चला, वाळतोय, आता जगेल.

सणाला मात्र मी मोठ्या मनाची. पुरणपोळीवर काहीतरी हवंच ना! मी पिवळ्या डब्यातलं वनस्पती तूप आणलं. वनस्पती म्हटल्यावर झाडपाल्याचं, निर्मळ, जवळजवळ आयुर्वेदिक, असं मी गृहीत धरलं. गाईम्हशींचा संबंध नाही म्हणजे हृदयाला धोका नाही. ह्यांना चांगल्या दोन-दोन पोळ्या त्यात भिजवून वाढल्या. ह्यांच्या टाळूला ते चिकटायचं. हे जिभेने टाळू खरवडत म्हणायचे, "मेणबत्ती खाल्ल्यासारखं लागतं गं."

"औषध कडूच असतं," मी म्हणायची.

आणि एवढं करून ह्यांच्या पापणीवरची मुगाची डाळ तुरीच्या डाळीएवढी झाली. दुसऱ्या डोळ्यावरही एक उगवली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मीही नमस्कार केला.

ही सगळी शोभा बाहेर काढली ती माझ्या नणंदेच्या मुलीने. भाची तेव्हा डॉक्टर होऊन पुढचं शिकत होती. तिला एक प्रबंध लिहायचा होता, तरुणपणी हृदयविकाराने माणसं गेलेल्या घराण्यांवर. ती अशी घराणी शोधत होती आणि एक दिवस आरशात काजळ घालताना तिला स्वतःच्याच पापणीवर पिवळं दिसलं.

ती आली ती थेट स्वयंपाकघरात. "मामी, मला सगळ्यांचं रक्त पाहिजे."

"आधी चहा घे."

"चहा नको. रक्तातली चरबी मोजायची तर बारा तास पोटात काही नको. सगळेच्या सगळे उपाशी कधी सापडतील?"

माझ्या घरात माणसं सगळी मिळून एकाच दिवशी उपाशी असायची. भाद्रपदात, पितरांच्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी आगारी टाकतात. पेटत्या गोवरीच्या निखाऱ्यावर पानातला घास ठेवायचा, वर तूप सोडायचं, एक पान गच्चीवर कावळ्याला, आणि कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. मी म्हटलं, "पितरांना ये. सासरे आणि दीर दोघांचं एकाच दिवशी करतो आम्ही."

ती खूश झाली. डॉक्टर लोकांचं खूश होणं असलंच.

त्या दिवशी जाऊबाईही आल्या. वर्षातून तेवढ्या एका दिवसाला सासूबाईंना त्या चालायच्या, कारण वडे त्यांच्याइतके कुणाला जमत नसत. तळायचे त्यांनी, वाढायचे मी. अशी वाटणी.

निखारे फुलले. ह्यांनी घास ठेवला. मी वाटीतून तूप सोडलं. फुरफुर आवाज झाला, काळा धूर निघाला आणि सगळ्या घरात भज्याच्या गाडीसारखा वास सुटला. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून नाक वर केलं.

"धाकले, काय सोडलं त्यात?"

"तूपच की. वनस्पती."

"अगं बाई! मेलेल्या माणसाला बी पथ्य लावलंस का?" जाऊबाई पदराने तोंड दाबून हसल्या. "आता त्याला काय व्हायचं राहिलंय?"

ह्यांना हसू आलं. सासूबाईंनी दोघांकडे असं बघितलं की निखारे विझावेत. आणि कावळा काही येईना. गच्चीवरच्या पानावर मुंग्या आल्या, पण कावळा दूर टाकीवर बसून चोच पुसत राहिला.

"वास आला असंल त्याला," जाऊबाई म्हणाल्या. "कावळा हाय तो, काय बी खाईल व्हय?"

तेवढ्या वेळात भाचीने खाटेवर सुया, बाटल्या मांडल्या. आधी सासूबाई, मग नणंद, मग हे, मग मी, आमची लेक, आणि शेवटी जाऊबाई. सासूबाई म्हणाल्या, "तिचं कशाला? ती काय आपल्या रक्ताची आहे?"

"म्हणूनच पाहिजे, आजी," भाची म्हणाली. "एकाच स्वयंपाकघरातलं जेवलेली, पण बाहेरची."

जाऊबाईंनी बाही वर केली. "घे गं पोरी. निघालं तर तूपच निघंल, बरणी लाव खाली."

मीही मनात तेच म्हणत होते, फक्त खरोखर. बाटल्या ओळीने ठेवल्या तेव्हा मी वाकून बघितलं. मला वाटत होतं की जाऊबाईंच्या रक्तावर, वरणावर येते तशी, तुपाची तार दिसेल आणि ह्यांचं माझ्या कृपेने पाण्यासारखं असेल. सगळ्या बाटल्या सारख्याच दिसल्या. माझी जरा निराशाच झाली.

कावळा दुपारी आला. जाऊबाईंनी पिशवीतून आणलेल्या छोट्या बरणीतलं खरं तूप गुपचूप पानावर सोडलं होतं, हे मला नंतर कळलं.

काही आठवड्यांनी भाची रिपोर्ट घेऊन आली. सुट्टीचा दिवस होता. हे खाली सतरंजीवर, सासूबाई खाटेवर, मी दाराला टेकून. जाऊबाई सिन्नरला. भाचीने ह्यांचा आकडा सांगितला आणि चांगल्या माणसाचा किती असावा तेही सांगितलं. दुपटीहून जास्त. तिचा स्वतःचा आणि तिच्या आईचा तसाच. माझा ठीक. आमच्या लेकीचा ठीक. सासूबाईंचा ठीक.

"आणि थोरलीचा?" सासूबाईंनी विचारलं. वाटच बघत होत्या.

"मोठ्या मामींचा सगळ्यात चांगला."



"मशीन बिघडलं असेल," मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले. दोन वर्षं दुधीचा रस केलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार!

भाचीने मग समजावलं. म्हणाली, रक्तातली सगळी चरबी ताटातून येत नाही. बरीचशी यकृत स्वतःच करतं, रोज, तुम्ही उपाशी राहिलात तरी. शरीराला ती लागतेच. पेशींच्या भिंती तिच्याच असतात. ती रक्तातून गाठोड्या बांधून फिरते आणि ती गाठोडी आत घ्यायला पेशींना दारं असतात.

"मामा, कांद्याच्या लिलावाच्या दिवशी बाजार समितीचं अर्धं फाटक बंद ठेवलं तर काय होईल?"

"ट्रॅक्टरची रांग लागेल रस्त्यावर. कांदा सडेल."

"तुमची अर्धी फाटकं जन्मापासून बंद आहेत. माझीही. आजोबांची होती, मोठ्या मामांची होती. बापाकडून किंवा आईकडून येतं हे. जी गाठोडी आत जात नाहीत ती रस्त्याच्या कडेला साचतात. रक्तवाहिनीत. टाचेत. आणि इथे." तिने स्वतःच्या पापणीवर बोट ठेवलं.

"लक्ष्मी आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

"कोलेस्टेरॉल आहे, आजी."

"म्हणजे तूप खाऊन नाही मेला माझा पोरगा?"

"तुपाने थोडी भर पडते. पण त्यांनी तूप सोडलं असतं तरी ते फार वर्षं जगले नसते. मोठ्या मामींमुळे तर नाहीच. हे आजोबांकडून आलंय."

सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. चमत्कारिक दिसत होतं ते. म्हणाल्या, "मग मला का पांढऱ्या पायाची म्हणाली ती थेरडी? तिच्याच पोराच्या रक्तात होतं, आणि मी इतकी वर्षं..." मला वाटलं आता रडतील, आता थोरलीला निरोप धाडतील. मी डोळे पुसायला पदरही हातात घेतला.

त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "तरी पण पळी ओतायची ती. हीच सांगत होती." आणि माझ्याकडे बोट.

भाचीने माझ्याकडे वळून पिवळ्या डब्याचं विचारलं. मी अभिमानाने डबा आणून दाखवला. तिने डबा फिरवून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग म्हणाली की तेलात हायड्रोजन भरून ते गोठवतात, त्यात जी चरबी तयार होते ती अलीकडच्या संशोधनात लोण्यापेक्षा वाईट निघाली आहे. रक्तातली वाईट गाठोडी वाढवते आणि चांगली कमी करते. "मामी, तुम्ही मामांना हे देत होता?"

"सणालाच," मी म्हणाले.

"वर्षात किती सण असतात हो!" आमचे हे खालून म्हणाले.

असो. उपाय होता. यकृताला चरबी कमी बनवायला लावणारी गोळी तेव्हा नुकती आपल्याकडे मिळायला लागली होती. यकृताला चरबी कमी पडली की ते स्वतःच आणखी फाटकं उघडतं. रोज जेवणानंतर एक. कायमची. भाचीने तिच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, चिठ्ठी झाली, गोळ्या आल्या.

आणि आमचे हे गोळी घेईनात.

फिटर माणूस. म्हणाले, "जो पार्ट आवाज करत नाही तो खोलायचा नसतो." म्हणाले, दुखत नाही, दम लागत नाही, बस चुकली तर आडगाव नाक्यापर्यंत पळत जातो. आठवडाभर घेतल्या आणि पोटऱ्या दुखतात म्हणून सोडल्या. मी विचारलं, कुठली पोटरी? त्यांना आधी कुठली सांगितली होती ते आठवेना.

सासूबाईंचा विरोध वेगळा होता. भाची बोलून गेली होती की गोळीने पापणीवरचं पिवळंही हळूहळू कमी होऊ शकतं. ते सासूबाईंनी ऐकलं. "घरातली लक्ष्मी पुसायची गोळी देते ही कार्टी," म्हणाल्या. आणि माझ्या पाठीमागे ह्यांच्या कानाशी लागायच्या, "एवढं काही नसतं रे. प्रमोशनचं वर्ष आहे तुझं."

मी विनवून पाहिलं. शपथ घातली. लेकीला पुढे केलं. वरणात गोळी कुटून घातली तर वरण कडू लागलं आणि हे दोन दिवस बाहेर जेवले. एके दिवशी गादीखाली गोळ्या सापडल्या, नीट ओळीने, पाकिटातून काढून लपवलेल्या. तेव्हा मला राग आला. मला वाटलं, माणसाला मरायचंच आहे तर तयारी तरी व्यवस्थित करावी.

मी मेन रोडला गेले आणि फ्रेमवाल्याकडून एक चौकट आणली. सासऱ्यांच्या आणि दिरांच्या फोटोला होती तशीच, काळी, सोनेरी कडेची. मापही तेच. घरी आले, त्या दोन फोटोंच्या शेजारी खिळा ठोकला आणि रिकामी चौकट टांगली. मागे पुठ्ठा होता, तो पांढरा दिसत होता. खाली हाराला आणखी एक खिळा. तोही ठोकला.

सासूबाई आवाजाने आल्या. बघितलं आणि खाली बसल्या.

"हे काय गं, सटवे?"

"चौकट. पुढे मागे महाग होतात."

"जित्या नवऱ्याला भिंतीवर टांगतेस? तुझे हात कसे झडले नाहीत?"

"तुमची सासू दळणाचा डबा घरी यायच्या आत बोलली, आई. माझ्यावर वेळ येईल तेव्हा तुम्ही बोलणारच. मग मी आधीच तयारी केली तर काय बिघडलं?"

त्यांनी उठून माझ्या थोबाडीत मारली. जोरात. मला वाटतं त्या घरात मी खाल्लेला सगळ्यात न्यायाचा मार तो असावा. कारण मी एका बाईच्या मेलेल्या नवऱ्याच्या आणि मेलेल्या मुलाच्या शेजारी तिचा जिवंत मुलगा मोजून ठेवला होता, आणि मला मजाही वाटत होती. ती मजा मी आजही नाकारणार नाही.

संध्याकाळी हे आले. चपला काढल्या, डबा ठेवला, भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, "चांगला फोटो काढून घ्या. केस आहेत तोवर. भावाचा काय तो रेशन कार्डावरचा मोठा करावा लागला, बिचारा चोरासारखा दिसतो."

त्यांनी हातपाय धुतले, जेवायला बसले. त्यांची जेवायची जागा नेमकी त्या भिंतीसमोर होती. बापाचा आणि भावाचा चेहरा, दोघांच्या पापण्यांवर लक्ष्मी, आणि शेजारी पांढरा पुठ्ठा. अर्धी भाकरी तशीच ठेवून म्हणाले, "काच तरी बसवायची होतीस. धूळ जाईल आत."

"काच नंतर बसवतात. फोटो आल्यावर."

जेवण झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी गोळी दिली. घेतली. तोंड उघडून दाखवलं, जीभ उचलूनही दाखवली, लहान मुलासारखी.

त्यानंतर रोज. पोटऱ्या दुखल्या नाहीत. काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं तर आकडा बराच उतरलेला. भाचीने तो कागद प्रबंधात लावायला नेला. दुधी बंद झाला. तूप परतलं, चमच्याने, आणि सिन्नरच्या बरणीतलं. जाऊबाईंना मी स्वतः जाऊन निरोप दिला की रिपोर्ट असा असा आला, तुमचा सगळ्यात चांगला. त्या म्हशीला पेंड घालत होत्या. म्हणाल्या, "मला कशाला सांगती? म्हातारीला सांग. आन् तुला बी माहीत नव्हतं असं नको दाखवू, लय हुशार होतीस तू." आणि मग, "चौकट टांगली म्हणं?"

"हो."

"माझ्या वेळी सुचायला पाहिजे व्हतं," असं म्हणून त्यांनी घमेलं माझ्याकडे सरकवलं. उरलेली पेंड मी घातली. म्हशीने माझ्या साडीला तोंड पुसलं.

पापणीवरची डाळ उतरायला काही वर्षं लागली. आधी तुरीची मुगाची झाली, मग नुसता डाग. त्या काळात ह्यांचं प्रमोशन दोनदा हुकलं आणि सासूबाईंनी दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलं.

ह्यांना पंचेचाळिसावं पूर्ण झालं तो दिवस आला, तेव्हा नवं शतक लागलेलं होतं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण भाची आली, नणंद आली, आणि सिन्नरहून जाऊबाई बरणी घेऊन आल्या. जेवायला बसायच्या आधी सासूबाईंनी ह्यांना खाटेपाशी बोलावलं आणि अंगठ्याने दोन्ही पापण्या चाचपल्या. डोळ्यांनी त्यांना तेव्हा फारसं दिसत नव्हतं.

"गेली," म्हणाल्या.

"गेली," हे म्हणाले.

मग त्यांनी भाचीकडे तोंड केलं. "थोरल्याच्या वेळी होती का गं ही गोळी?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायला मी तिला डोळ्याने सांगितलंही. पण ती पोरगी आमच्याच घरातली. म्हणाली, "जगात होती, आजी. आपल्याकडे नंतर आली."

सासूबाईंनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "थोरले, वाढ मला."

नऊ-दहा वर्षांत त्यांनी जाऊबाईंच्या हातचं ताट घेतलं नव्हतं. जाऊबाई उठल्या. भात वाढला, वरण वाढलं, बरणीत पळी बुडवली आणि भरलेली पळी सासूबाईंच्या भातावर तशीच उपडी केली. तूप ताटाच्या कडेपर्यंत गेलं.

"एवढं कशाला ओततेस?" सासूबाई ओरडल्या. "मारायचंय का मला?"

"तुमास्नी काय व्हतंय?" जाऊबाई म्हणाल्या. "तुमची फाटकं सगळी उघडी हायत."

सासूबाईंनी ते सगळं तूप खाल्लं. शितही ठेवलं नाही.

जेवणं झाल्यावर हे स्टूल घेऊन चौकट काढायला चढले. एवढी वर्षं समोर बसून जेवले होते, त्यांना ती आता डोळ्यांसमोर नको होती. सासूबाईंनी आवाज ऐकला.

"काय काढतोस?"

"ती चौकट."

"राहू दे. मला लागेल."

त्या पुढे सहा-सात वर्षं जगल्या. शेवटी मोरीशी पाय घसरून पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत. शेवटपर्यंत रक्त स्वच्छ, हृदय ठणठणीत. आमच्याकडच्या पुरुषांना मिळायला हवं होतं ते सगळं त्यांना मिळालं आणि त्यांनी ते सगळं मला बोलण्यात खर्च केलं. फोटो त्यांनी स्वतः निवडून ठेवला होता. पुठ्ठा काढून हे तो बसवत होते तेव्हा मीच म्हटलं, आता काच लावा. माप बरोबर बसलं.

म्हणजे भिंतीवर आता सासरे, दीर आणि शेवटी सासूबाई, त्यांच्या पापण्या कोऱ्या. खाली आमचे हे जेवायला बसतात, जेवून हात पुढे करतात. गोळीला कुरकुर अजून आहे. परवा नात विचारत होती, आजोबा रोज कसली गोळी घेतात, तर म्हणाले, "तुझ्या आजीने मला भिंतीवर टांगू नये म्हणून." आणि मग भिंतीकडे बघून मला म्हणाले, "आता तशी जागाही उरली नाही तिथे."

मी म्हटलं, "तिघांना थोडं सरकवून घेऊ की."